कातडीखालची सुई

नर्सिंगच्या विद्यार्थिनींना इंजेक्शन द्यायला शिकवणं हे माझं काम. आज बोलायचं आहे ते कातडीखाली द्यायच्या इंजेक्शनबद्दल, आणि त्यातही इन्सुलिनबद्दल. ही सुई दवाखान्यातून घराघरात पोचली आहे. पहिल्या दिवशी सिस्टरनं जे दाखवलं तेच रुग्ण पुढं वर्षानुवर्षं करत राहतो. म्हणून सिस्टरचं शिक्षण पक्कं हवं.

आपली कातडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. तिच्याखाली चरबीचा थर, त्याखाली स्नायू. इन्सुलिन पडायला हवं ते चरबीत. तिथून ते सावकाश रक्तात उतरतं. सुई स्नायूत गेली तर औषध भराभर शोषलं जातं आणि साखर एकदम खाली येऊ शकते. इन्सुलिनच्या पेनाची 4 मिलिमीटरची सुई सरळ उभी टोचली की पुरे, अंगानं स्थूल माणसालासुद्धा. सिरिंजची सुई लांब असते, म्हणून कातडी हलकेच चिमटीत उचलायची. माणूस बारीक असला तर सुई 45 अंशांत तिरपी धरायची. पेनाचं बटण दाबल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं आणि मगच सुई बाहेर काढायची.

हे सगळं मुली स्पंजवर आणि मॅनिकिनवर लवकर शिकतात. टोचण्याचा हात बसायला फार दिवस लागत नाहीत. मी जास्त वेळ घेते तो टोचण्याआधीच्या तपासणीला.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन सहसा 40 ताकदीचं मिळतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. काही बाटल्या आणि पेनाची काडतुसं 100 ताकदीची असतात. सिरिंजही तशाच दोन. सहसा 40 च्या सिरिंजचं टोपण लाल असतं आणि 100 च्या सिरिंजचं नारिंगी. आता समजा, डॉक्टरांनी 20 युनिट सांगितले. बाटली 100 ची आणि हातात सिरिंज लाल टोपणाची. 20 च्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर शरीरात जातात 50 युनिट! उलट 40 ची बाटली आणि नारिंगी टोपणाची सिरिंज घेतली, तर 20 च्या जागी फक्त 8 युनिट जातात. पहिल्यात घाम सुटतो, हातपाय कापतात, शुद्ध हरपू शकते. दुसऱ्यात साखर चढत राहते आणि कारण कुणाला उमगत नाही. त्यामुळे बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मी मुलींना मोठ्यानं वाचायला लावते. घरी तुम्हीही तसंच वाचा. पेनाच्या काडतुसातून सिरिंजनं औषध ओढू नका.

दुसरी गोष्ट गाठींची. रोज एकाच जागी टोचलं की तिथली चरबी फुगते, मऊ-घट्ट गाठ होते. तिथं दुखत कमी असल्यानं रुग्णाला तीच जागा आवडते. पण गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं आणि साखरेचा मेळ लागत नाही. मग डोस वाढवला जातो, आणि जिथं टोचतात ते पोट कुणी बघितलेलंच नसतं. ही गाठ डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. माझं स्पष्ट मत आहे की, रुग्णाच्या पोटावरून बोटं फिरवून गाठ ओळखता येईपर्यंत कोणत्याही विद्यार्थिनीला या विषयात उत्तीर्ण करू नये.

गाठ होऊ नये म्हणून बेंबीभोवतीची दोन-तीन बोटं जागा सोडून पोटाचे चार भाग करा. एका आठवड्यात एक भाग, आणि प्रत्येक वेळी आधीच्या जागेपासून बोटभर दूर. मांडीची पुढची-बाहेरची बाजूही चालते. गाठ असलेली जागा सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात, तर औषध आधीपेक्षा जास्त लागू पडतं आणि साखर उतरू शकते. तेव्हा जागा बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस कमी करावा लागू शकतो.

कातडीखाली सगळीच औषधं एका रीतीनं देत नाहीत, हेही सिस्टरला ठाऊक हवं. रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन पोटावर दिल्यानंतर ती जागा चोळायची नसते, चोळली तर काळंनिळं पडतं.

आणि वापरलेली सुई. दवाखान्यात तिच्यावर पुन्हा टोपण चढवायचं नाही, कारण तेव्हा बोटाला सुई लागू शकते. ती थेट जाड डब्यात टाकायची. घरीही झाकणाचा एक जाड प्लास्टिकचा डबा ठेवा. तो भरला की ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, सफाई कामगारांच्या हाताला सुया लागतात. जवळच्या दवाखान्यात विचारून तिथं द्या. एकाचं पेन दुसऱ्यानं कधीही वापरू नये, सुई नवी लावली तरी नाही, कारण रक्ताचा अंश काडतुसात मागे जाऊ शकतो.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा बाटली, सिरिंज किंवा पेन सोबत न्या. सिस्टरसमोर एकदा स्वतः टोचून दाखवा आणि पोट तपासायला सांगा. तसं सांगायला अजिबात संकोच करू नका.