खिन्नतेचें औषध उशिरां कां लागू पडतें?

विठ्ठलवाडीच्या फलाटावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. घरीं उणें कांहीं नाहीं, नोकरी कायमची आहे. पण दोन महिने झाले, त्याला झोप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, मुलांच्या हसण्याचाहि भार वाटतो. घरच्या मंडळींनीं प्रथम 'मन खंबीर करा' म्हणून सांगितलें, मग डॉक्टरांकडे नेलें. गोळ्या मिळाल्या. दहा दिवस घेऊन त्यानें त्या कपाटांत टाकून दिल्या. कां, तर गुण येत नाहीं! ही समजूत पुष्कळांचा घात करिते. ज्वराची गोळी तासाभरांत काम करिते. मग हिला आठवडे कां लागावे? ह्याचें उत्तर मेंदूंतील अतिसूक्ष्म कुलुपांत शोधावें लागतें.

मेंदूंतील दोन पेशींमध्यें बहुधा अत्यंत अरुंद फट असते. एक पेशी त्या फटींत सिरोटोनिन, नॉरॲड्रिनॅलिन यांसारखीं द्रव्यें सोडते. तीं ओळखणारे प्रथिनांचे रेणू पलीकडच्या पेशीच्या आवरणावर असतात. त्यांस 'ग्राही' म्हणतात. द्रव्य ही किल्ली, ग्राही हें कुलूप. एकट्या सिरोटोनिनच्या किल्लीचीं चौदा प्रकारचीं कुलुपें ज्ञात आहेत. काम झाल्यावर उरलेलें द्रव्य पहिली पेशी एका द्वारानें परत आंत ओढून घेते.

ह्या ज्ञानाच्या इतिहासांत मुंबईचाहि वांटा आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो हें पन्नास रोग्यांवर पाहिलें आणि १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें प्रसिद्ध केलें. जुन्या देशी वनस्पतीकडे जगाचें लक्ष वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनीं तिच्यांतून रेसर्पिन वेगळें काढलें. तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांना गाढ खिन्नता आल्याचें पुढें डॉक्टरांना दिसलें. आणि हें औषध पेशींतील सिरोटोनिन व नॉरॲड्रिनॅलिन यांचा सांठा रिता करितें, असें प्रयोगांत आढळलें. उलट, न्यूयॉर्कमधील क्षयाचे कांहीं रोगी इप्रोनायझिड ह्या औषधानें त्याच सुमारास उल्हसित झाले. तें औषध ह्याच द्रव्यांचा नाश थांबवितें. सांठा सरला कीं खिन्नता, वाढला कीं उल्हास, असा सोपा हिशोब त्यावरून मांडला गेला.

पण हिशोब पुरता जमेना. रेसर्पिन आणि खिन्नता यांचा संबंधहि वाटला तितका सरळ ठरला नाहीं. १९८७ सालीं अमेरिकेंत फ्लुऑक्सेटिनला मान्यता मिळाली. सिरोटोनिन परत ओढणारें द्वार तें अडवितें, आणि हें काम कांहीं तासांतच सुरू होतें; मन मात्र बहुधा दोन ते चार आठवड्यांनीं हलकें होऊं लागतें. ह्याचा एक उलगडा असा: द्रव्य सोडणाऱ्या पेशीवरहि कांहीं ग्राही असतात. ते जणू पहारेकरीच. द्रव्य वाढतांच 'आतां पुरे' म्हणून ते पेशीचा वेग कमी करितात. रोज तीच वाढ होत राहिली म्हणजे त्यांची संवेदना हळूहळू बोथट होते, पेशी मोकळेपणीं काम करूं लागते, आणि पेशींच्या जोडण्याहि बदलूं लागतात. म्हणजे दहाव्या दिवशीं गोळी निष्फळ ठरलेली नसते. तिचें काम अर्ध्या वाटेवर असतें.

ही वाट तोडण्यासाठीं संशोधकांनीं दुसरीं कुलुपें निवडलीं. ग्लुटामेट द्रव्याच्या एका ग्राहीस अडविणारें एस्केटामिन अमेरिकेनें २०१९ सालीं मान्य केलें. त्याचा गुण कांहींना तासांत वा एकदोन दिवसांत येतो, परंतु तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच द्यावें लागतें. 'गाबा' द्रव्याच्या ग्राहींवर काम करणारें झुरानोलोन तेथेंच २०२३ सालीं बाळंतिणींच्या खिन्नतेसाठीं मान्य झालें.

तरीहि प्रत्येक मनाला एकच किल्ली लागत नाहीं. औषध बदलावें कीं वाढवावें, हें डॉक्टरांनीं ठरवावें. तें एकाएकीं बंद करूं नये. जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार रोग्याच्या मनांत आला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांना गांठावें. १४४१६ ह्या सरकारी 'टेलि-मानस' क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें. आणि विठ्ठलवाडीच्या त्या गृहस्थाच्या घरच्यांनीं 'मन खंबीर करा' ह्या उपदेशाऐवजीं रोज रात्रीं एवढेंच विचारावें: "आजची गोळी घेतली ना?"