मिठागरातील शैवाल



पेण-अलिबागच्या खारेपाटात उधाणाने बांधाला खांड पडली म्हणजे काय होते, हे तेथील मुलांस सांगावे लागत नाही. भाताची रोपे पाण्यात उभी असूनही पाण्यावाचून सुकतात. उलट मिठागराच्या वाफ्यात, कितीतरी अधिक खारट पाण्यात, एक सूक्ष्म हिरवे शैवाल सुखाने नांदते. हे कसे, असे एखाद्या मुलाने विचारले, तर ‘त्यास सवय असते’ असे सांगून पुष्कळदा वेळ मारून नेली जाते. ते उत्तर नव्हे.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. खारट बाजू पेशीतील पाणी ओढून घेते. भाताच्या मुळांवरही हीच आपत्ती येते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते आटून दहावा हिस्सा उरले म्हणजे मीठ धरू लागते. अशाही पाण्यात जगणाऱ्या शैवालाचे नाव ड्युनालिएला. फ्रान्सच्या दक्षिणेकडील मिठागरांतील तांबड्या पाण्याचे कारण १८३८ मध्ये शोधणाऱ्या द्युनाल या शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ ते १९०५ मध्ये दिले गेले.

या शैवालाची प्रत्येक पेशी एकेकटी असते व दोन केसांसारख्या तंतूंनी पोहते. तिच्याभोवती कठीण भित्तिका नसते, केवळ लवचिक पटल असते. पाणी एकाएकी अधिक खारट झाले की ती काही मिनिटांतच आक्रसते. परंतु तेवढ्यावर ती मरत नाही. साठविलेल्या पिष्टापासून व सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नापासून ती ग्लिसरिन बनवू लागते. औषधांच्या दुकानात बाटलीत मिळते तेच हे. बाहेरचे मीठ आत भरून घेतले असते तर पेशीचे नाजूक व्यवहार बिघडले असते. म्हणून मीठ ती बाहेर लोटते आणि त्याचा तोल निरुपद्रवी ग्लिसरिनने साधते. काही तासांत पाणी आत परतते व पेशी पूर्ववत फुगते. पावसाने वाफा गोडावला, तर हेच ग्लिसरिन कमी करून ती फुटण्यापासून वाचते.

ड्युनालिएलाची एक जात कडक उन्हात व तीव्र खारेपणात कॅरोटीन साठवून तांबूस होते. गाजराचा रंग तोच. पेण-उरणकडे पूर्वीइतकी मिठागरे आता उरली नाहीत. तथापि जेथे आहेत तेथे वाफ्यावर तांबडी झाक दिसली, तर मुलांस ती अवश्य दाखवावी. मात्र केवळ शैवालच नव्हे, मीठप्रिय सूक्ष्म जीवाणूसदृश जीवही असा रंग देतात, हेही सांगावे.

वर्गात बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या घ्याव्यात. एक साध्या पाण्यात, दुसरी पेलाभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून त्यात ठेवावी. तासाभराने मुलांनीच दोन्ही वाकवून पाहाव्यात. भाताच्या रोपाचे काय झाले, ते मग त्यांनाच विचारावे.