जज्ज टूर्झे आणि कोर्टासमोरचें झाड

(रात्रशाळेंतील प्रौढ वर्गापुढें एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



कोर्ट म्हटलें कीं गरिबाच्या पोटांत गोळा येतो. कामाचा दिवस बुडतो, गाडीभाडें पडतें, आणि आंत काय चाललें आहे हें वकिलानें सांगितल्याशिवाय समजत नाहीं. म्हणून आज मी तुम्हांला एका जज्जाची हकीकत सांगणार आहें. त्याला गोरगरिबांनीं मतें देऊन खुर्चीवर बसविलें होतें. त्याच्याच हद्दींत कोर्टासमोरच्या झाडाला एका सुताराला फांशी टांगण्यांत आलें. मारणारे कोण हें गांवाला ठाऊक होतें, आणि तरीही त्या जज्जाला त्यांना शिक्षा करितां आली नाहीं. हा जज्ज अमेरिकेंतला. त्याचें नांव आल्बियन टूर्झे.

टूर्झे १८३८ सालीं ओहायो राज्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मला. पांच वर्षांचा असतां आई गेली. चौदाव्या वर्षीं बंदुकीची टोपी उडून उजवा डोळा गेला. कॉलेजांत शिकत असतां १८६१ सालीं उत्तर आणि दक्षिण अमेरिकेचें युद्ध पेटलें. दक्षिणेला गुलाम ठेवावयाचे होते, म्हणून ती फुटून निघाली होती. हा एकडोळ्या पोरगा फौजेंत भरती झाला आणि पहिल्याच मोठ्या लढाईंत पाठीच्या कण्याला जबर मार लागून अंथरुणाला खिळला. बरा होतांच पुन्हा गेला, पुन्हा जखमी झाला, शत्रूच्या कैदेंत पडला, सुटून आला, लग्न केलें आणि परत लढावयास गेला. पाठीचें दुखणें जन्मभर सोबतीला राहिलें.

१८६५ सालीं युद्ध संपलें, गुलामगिरी कायद्यानें मोडली, आणि टूर्झे बायकोसह दक्षिणेंतील नॉर्थ कॅरोलिना राज्यांत ग्रीन्सबरो गांवीं रहावयास आला. तेथें त्यानें फळझाडांच्या रोपांचा बाग काढला. त्या राज्यांत १८६० सालच्या खानेसुमारींत ३,३१,०५९ गुलाम होते. त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविणें हा १८३० सालापासून गुन्हा होता. मात्र त्या कायद्यांत एक सवलत होती: अंक शिकविण्यास मनाई नव्हती! मास्तर या नात्यानें मला या सवलतीचें फार नवल वाटतें. धन्याचीं पोतीं मोजतां आलीं पाहिजेत, पण धन्यानें काय लिहून ठेवलें आहे तें वाचतां येतां कामा नये.

असले लोक सुटले खरे, पण हातांत काय? जमीन नाहीं, अक्षर नाहीं. १८६७ सालीं काँग्रेसनें त्यांतील पुरुषांना मत दिलें. बायकांना दिलें नाहीं. काळ्यांना नाहीं आणि गोऱ्यांनाही नाहीं. त्या मतांच्या जोरावर १८६८ सालीं राज्याची नवी घटना लिहिण्यास सभा भरली. सभासद १२०, त्यांत कालचे गुलामही होते. ग्रीन्सबरोच्या बाजूनें टूर्झे निवडून आला. जुने जमीनदार त्याला आणि उत्तरेकडून आलेल्या सर्वांनाच 'पडशीवाले' म्हणून हिणवीत. म्हणजे सतरंजीच्या कापडाची पडशी खांद्याला मारून दुसऱ्याच्या मुलखांत लुटावयास आलेले उपरे. त्यांत कांहीं लुटारू होतेही. पण या सभेनें काय केलें तें पहा आणि मग ठरवा.

अधिकाराच्या जागेसाठीं अमुक इतकी मालमत्ता पाहिजे, ही अट काढून टाकली. खटल्याला ज्यूरी बसते, म्हणजे गांवचे पंच बसून इसम गुन्हेगार कीं निर्दोष तें ठरवितात. त्या पंचांत बसावयास काळ्या माणसाला आणि निर्धन गोऱ्याला वाट झाली. जज्ज पूर्वीं विधिमंडळ नेमीत असे, तो लोकांनीं निवडावा असें ठरलें. कोर्टाच्या आवारांत खांबाला बांधून फटके मारण्याची शिक्षा गेली. पुष्कळ गुन्ह्यांना फांशी असे, ती चारच गुन्ह्यांपुरती राहिली. जिल्ह्याचा कारभार पहाणारे पंच लोकांनीं निवडावयाचे. आणि सहा ते एकवीस वर्षांच्या सर्व मुलांना फुकट शाळा, वर्षांतून निदान चार महिने. चार महिने ऐकून हंसूं नका. जेथें पुस्तक हातीं धरणें हाच गुन्हा होता तेथें चार महिने म्हणजे केवढे! या बहुतेक सुधारणांसाठीं झगडणाऱ्यांत टूर्झे पुढें होता, आणि त्यांचा लाभ नुसत्या काळ्यांना नव्हे, तर गरीब गोऱ्या शेतकऱ्यालाही झाला. जमीनदारांना खरी झोंबली ती हीच गोष्ट. दोन गरीब एका बांकावर बसले तर पुढें काय होईल, हें त्यांना चांगलें समजत होतें.

त्याच वर्षीं टूर्झे आठ जिल्ह्यांचा जज्ज निवडून आला. वय अवघें तीस. घोड्यावरून, बग्गींतून तो गांवोगांव कोर्ट भरवीत फिरे. काळे आणि गोरे पंच त्याच्यासमोर बसत. त्याचा द्वेष करणारे वकीलसुद्धां पुढें म्हणत कीं, माणूस आमच्या शत्रुपक्षाचा, पण जज्ज हुशार.

याच सुमारास त्या मुलखांत 'कु क्लक्स क्लॅन' नांवाची गुप्त टोळी उठली. तोंडावर फडकीं, अंगावर झगे, रात्रीं घोड्यावरून यावयाचें आणि मतदान करणाऱ्या काळ्याला घरांतून ओढून फोडून काढावयाचें. टोळींत दरोडेखोर नव्हते, तर दिवसा दुकान चालविणारे, वकिली करणारे, फौजदारकी करणारे प्रतिष्ठित लोक होते. ग्रॅहॅम नांवाच्या गांवीं वायट आउटलॉ म्हणून एक काळा सुतार होता. गाड्या दुरुस्त करण्याचें त्याचें दुकान होतें. आपल्या लोकांची त्यानें सभा बांधली होती, आणि गांवच्या कारभारांत व बंदोबस्तांतही त्याला जागा मिळाली होती. २६ फेब्रुवारी १८७० च्या रात्रीं टोळी त्याच्या घरांत शिरली. म्हातारी आई आणि लहान मुलें ओरडत असतां त्याला ओढीत नेलें आणि कोर्टासमोरच्या चौकांत झाडाला टांगलें. मारावयास रान पुष्कळ होतें. पण जागा मुद्दाम कोर्टासमोरची निवडली. जज्जानें आणि पंचांनीं येतां-जातां पहावें म्हणून.

पुढें मे महिन्यांत शेजारच्या जिल्ह्यांत जॉन स्टीफन्स या गोऱ्या आमदाराला तर कोर्टाच्या इमारतींतच, वरच्या मजल्यावर सभा चालली असतां, खालच्या खोलींत मारलें. तो टूर्झेचा स्नेही होता. मारणारांनीं आपसांत तोंड न उघडण्याची शपथ घेतली. त्यांतील एकानें १९१९ सालीं कबुली लिहून दिली, पण ती आपल्या मरणानंतर फोडावी या अटीवर. ती १९३५ सालीं फुटली. पासष्ट वर्षें गुपित राहिलें!

टूर्झेला धमक्यांचीं पत्रें येत. तो पिस्तूल बाळगून फिरे. साक्षीदार कोर्टांत आला तर घरीं जिवंत पोंचेल याची हमी जज्ज कोठून देणार? राज्याचा गव्हर्नर होल्डन यानें फौज पाठवून टोळीवाल्यांना पकडलें. त्याचें फळ असें कीं पुढल्या निवडणुकींत विरुद्ध पक्ष आला आणि त्यानें १८७१ सालीं गव्हर्नरलाच खटला चालवून काढून टाकलें. तरी टूर्झेनें पिच्छा सोडला नाहीं. ६३ टोळीवाल्यांवर आरोप दाखल झाले, त्यांत १८ जणांवर आउटलॉच्या खुनाचा. आतां न्याय होणार असें वाटलें. तेव्हां विधिमंडळानें काय केलें? ज्या कायद्याखालीं बहुतेक आरोप होते तो कायदाच रद्द केला, आणि १८७३ सालीं टोळीच्या गुन्ह्यांना सरसकट माफी दिली. कोणालाही शिक्षा झाली नाहीं.

हें साल ध्यानांत घ्या. याच १८७३ सालीं पुण्यांत जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक काढलें आणि निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना तें अर्पण केलें. जोतीरावांचें चुकलें नाहीं. तसे लोक तेथें होते, आणि टूर्झे त्यांतलाच एक. पण इकडे अर्पणपत्रिका छापली जात होती त्याच वर्षीं तिकडे खुनी माफी घेऊन घरीं जात होते.

टूर्झेची जज्जगिरी १८७४ सालीं संपली. नवी घटनाही हळूहळू पोखरली गेली. १८७७ सालीं लोकांनीं जिल्ह्याचे पंच निवडण्याची पद्धत मोडली आणि ती नेमणूक विधिमंडळानें आपल्या माणसांकरवीं हातीं घेतली. मत राहिलें, पण गांवचा कारभार गेला. टूर्झे काँग्रेससाठीं उभा राहिला आणि पडला. १८७९ सालीं त्यानें तें राज्य सोडलें आणि आपल्या अनुभवांवर 'मूर्खाची खटपट' अशा अर्थाच्या नांवाची कादंबरी लिहिली. तिच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. पैसा आला, मग त्यानें एक साप्ताहिक काढलें, तें बुडालें आणि तो कर्जबाजारी झाला. वर्तमानपत्र चालविणारांचें दुःख सगळीकडे सारखेंच!

आतां त्याच्या आयुष्यांतला शेवटचा मोठा खटला. १८९० सालीं लुइझियाना राज्यानें कायदा केला कीं आगगाडींत गोऱ्यांचा डबा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा. न्यू ऑर्लीन्स शहरांतील काळ्या लोकांनीं कमिटी केली, वर्गणी जमविली आणि टूर्झेला वकील केलें. त्यानें फी घेतली नाहीं. कमिटीच्या ठरावाप्रमाणें ७ जून १८९२ रोजीं होमर प्लेसी हा जोडे करणारा कारागीर पहिल्या वर्गाचें तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यांत बसला आणि अटक झाला. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकीं एकच काळा. दिसावयास गोराच होता. स्वतः सांगितलें नसतें तर कोणी हटकलेंही नसतें.

टूर्झेचे मुद्दे ऐकण्यासारखे आहेत. तो म्हणाला, रंग पाहून जात ठरविणारा हा गाडीचा गार्ड कोण? आज डबे वेगळे केले, तर उद्यां लाल केसवाल्यांना वेगळा डबा कां नको? काळ्यांनीं रस्त्याच्या एका बाजूनें आणि गोऱ्यांनीं दुसऱ्या बाजूनें चालावें असा कायदा कां नको? आणि सर्वांत मर्मावरचा घाव हा कीं, या कायद्यांत गोऱ्या मुलाला संभाळणाऱ्या काळ्या दाईला गोऱ्यांच्या डब्यांत बसण्याची मोकळीक होती. मूल मांडीवर असलें म्हणजे विटाळ नाहीं. तीच बाई तिकीट काढून स्वतःच्या हक्कानें बसली म्हणजे गुन्हा! ज्यांच्या बायका दुसऱ्यांचीं लेंकरें संभाळावयास जातात त्यांना हें उलगडून सांगावयास नको.

कोर्टाचा कल विरुद्ध आहे हें टूर्झेला दिसत होतें. त्यानें १८९३ सालींच सोबत्यांना लिहिलें होतें कीं उशीर झालेलाच बरा. माझ्या मतें खटला चालविण्यांत जोखीम फार होती, कारण वरच्या कोर्टांत हरलें म्हणजे एका राज्याचा अन्याय सर्व देशाचा कायदा होतो. आणि तसेंच झालें. १८ मे १८९६ रोजीं सुप्रीम कोर्टानें सात विरुद्ध एक मतानें वेगळे डबे कायदेशीर ठरविले. विरुद्ध मत देणारा एकटा जज्ज हार्लन. तो गुलाम बाळगणाऱ्या घराण्यांतला! कायद्याला रंग दिसूं नये, ही टूर्झेनें मांडलेली कल्पना त्यानेंच आपल्या निकालपत्रांत घेतली.

त्याच १८९६ सालीं ओहायोंत टूर्झेच्या मसुद्यावरून एक कायदा झाला: जमावानें कोणाला ठार केलें तर त्याच्या वारसांना त्या जिल्ह्यानें भरपाई द्यावी. तो कायदा विधिमंडळांत नेणारा हॅरी स्मिथ हा काळा आमदार आणि वर्तमानपत्राचा संपादक होता. झाडाला टांगलेला सुतार जज्ज विसरला नव्हता. खुनी हातीं लागत नाहीं ना, मग ज्यांनीं दारें लावून पाहिलें त्यांच्या करांतून भरा, असा त्याचा हिशोब.

१८९७ सालीं सरकारनें त्याला फ्रान्समध्यें बोर्दो शहरीं वकिलातींत नेमलें, आणि तेथेंच २१ मे १९०५ रोजीं तो वारला. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेंतील काळ्या पुढाऱ्यांच्या नायगारा चळवळीनें ठिकठिकाणीं स्मरणसभा भरवून त्याला मान दिला.

प्लेसीनें १८९७ सालीं गुन्हा कबूल करून २५ डॉलर दंड भरला. १९२५ सालीं तो गेला. शाळांतील वेगळेपणा सुप्रीम कोर्टानें १९५४ सालीं मोडला, पण प्लेसीच्या नांवावरचा गुन्हा तसाच राहिला होता. तो लुइझियानाच्या गव्हर्नरनें ५ जानेवारी २०२२ रोजीं माफ केला.