खोटी बॅटरी: स्वस्तातला सिग्नल सोर्स कसा निवडायचा

आज कुरखेड्याहून बोलतोय. मागे फॅनचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

मागे एक सोलर चार्ज कंट्रोलर दुरुस्तीला आला होता. मॉसफेट बदलला, भरलेली बॅटरी जोडली, लाईट लागला, देऊन टाकला. दोन महिन्यांनी तेच काका परत. "तुमी त म्हनले होते चांगला हाये. बॅटरीच गेली न जी." धानाच्या पैशातून घेतलेली बॅटरी. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

झालं काय होतं? १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी उतरत साधारण ११ व्होल्टवर आली की कंट्रोलरने लोड तोडायचा असतो. हा तोडतच नव्हता. आणि भरलेल्या बॅटरीवर तपासून ते मला कळणारच नव्हतं. मला हवी होती सांगितल्यावर उतरणारी खोटी बॅटरी. म्हणजे कॉम्प्युटरवर आकडा टाकायचा आणि वायरवर तेवढे व्होल्ट यायचे. यालाच आपण सिग्नल सोर्स म्हणतो.

सगळे पहिली चूक इथेच करतात. 'फंक्शन जनरेटर' शोधतात, किती मेगाहर्ट्झ ते बघतात आणि पाच आकडी किंमत बघून फोन बाजूला ठेवतात. अरे, पण आपल्याला मेगाहर्ट्झ हवेत कुठे? आधी तपासायच्या वस्तूला विचारा: तुला किती व्होल्ट लागतात, किती वेगाने बदलायला हवेत, आणि तू करंट किती ओढणार?

अँप्लिफायर तपासायचा असेल तर सोर्स तुमच्या खिशातच आहे. फोनवर टोन जनरेटरचं ॲप टाका, हेडफोनच्या पिनमधून सिग्नल घ्या. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, फुकट. पण बहुतेक फोनमधून स्थिर डीसी व्होल्टेज मिळत नाही, त्यामुळे बॅटरीचं सोंग त्याला जमत नाही.

एडी९८३३ नावाची चिप असलेलं छोटं मॉड्यूल मिळतं. साइन, ट्रँगल, स्क्वेअर तिन्ही देतं, आणि २५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर फ्रिक्वेन्सी ०.१ हर्ट्झच्या पायरीने बदलता येते. साइन मात्र जेमतेम ०.६ व्होल्ट पीक-टू-पीक, आणि तो कमीजास्त करायची सोय चिपमध्ये नाही. फिल्टर, ऑसिलेटर यांच्यावर काम करणाऱ्यांनी जरूर घ्यावं. माझ्या कामाचं नाही.

शाळा-कॉलेजसाठी विचाराल तर मी डोळे झाकून एक्सपआईज-१७ सांगेन. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये तयार झालेलं हे उपकरण. ५ हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झचा वेव्हफॉर्म जनरेटर, उणे ५ ते अधिक ५ व्होल्टचा डीसी सोर्स आणि मोजायची सोय, सगळं एकाच डबीत. ओटीजी केबलने अँड्रॉइड फोनवरही चालतं. कॉलेजात प्रॅक्टिकलला स्कोपभोवती दहा जण उभे राहतात, त्यांना याची किंमत कळेल. पण ५ व्होल्टवर माझा कंट्रोलर जागाही होत नाही.

शेवटी मी घेतलं एमसीपी४७२५. शे-दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारं डॅक मॉड्यूल. १२ बिट, म्हणजे ५ व्होल्टचे ४०९६ तुकडे, एक पायरी साधारण १.२ मिलिव्होल्ट. सोबत आर्डुइनो नॅनो, यूएसबीने लॅपटॉपला.

५ चे १५ व्होल्ट करायला एलएम३५८ ऑप-अँप, गेन ३. त्याच्या पुढे बीडी१३९ ट्रान्झिस्टर, कारण ऑप-अँपला करंट झेपत नाही. फीडबॅक ट्रान्झिस्टरच्या एमिटरवरून घ्या, म्हणजे त्याच्यात पडणारे ०.७ व्होल्ट आपोआप भरून निघतात. पॉवरला जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर. ट्रान्झिस्टर तापतो, त्याला पत्र्याचा तुकडा स्क्रूने लावा. आउटपुटला १ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जमिनीला जोडा. नाहीतर व्होल्टेज खाली आणायला सांगता आणि कंट्रोलरचा कॅपॅसिटर ते धरून बसतो.

आता खरा घोळ ऐका. या डॅकला स्वतःचं रेफरन्स नसतं. जो सप्लाय, तेच माप. लॅपटॉपच्या यूएसबीवर ५ ऐवजी ४.७५ व्होल्ट आले, तर तुम्ही ११ मागता आणि मिळतात १०.४५. अर्धा व्होल्ट गेला! लेड-ॲसिडमध्ये अर्धा व्होल्ट म्हणजे चांगली बॅटरी आणि मेलेली बॅटरी एवढा फरक. माझे पहिले दोन दिवस यातच गेले, कंट्रोलरलाच शिव्या देत होतो. मग डॅकला त्याच १९ व्होल्टवरून ७८०५ लावून वेगळा सप्लाय दिला, ग्राउंड नॅनोशी जोडलेलं ठेवलं. ७८०५ सुद्धा अगदी नेमके ५ देत नाही, पण देतो ते स्थिर देतो. मल्टीमीटरवर एकदा मोजा आणि तो आकडा कोडमध्ये टाका.

अजून एक. हे मॉड्यूल नवीन असताना चालू होताच अर्ध्यावर येतं, म्हणजे आपल्याकडे थेट ७.५ व्होल्ट. त्याच्या ईईप्रॉममध्ये एकदा शून्य लिहून ठेवा. एकदाच बरं का! लायब्ररीत दर पायरीला ईईप्रॉममध्ये लिहायचा पर्याय असतो, तो बंद ठेवा. ती मेमरी ठरावीक वेळाच लिहिता येते.

टेस्ट सोपी आहे. सोलर पॅनल जोडायचं नाही, लोड म्हणून फक्त एक एलईडी. १३ व्होल्टपासून दर अर्ध्या सेकंदाला १० मिलिव्होल्ट खाली. साडेदहापर्यंत २५० पायऱ्या, दोन मिनिटं. एलईडी कुठं विझला ते लिहायचं, मग तसंच वर चढायचं आणि परत कुठं लागला तेही लिहायचं. हे दोन आकडे एकच आले तर तोही दोषच समजा, कारण मग लाईट रात्रभर लुकलुकत राहतो.

काकांचा कंट्रोलर परत मागवला. साडेदहापर्यंत गेलो तरी एलईडी जळतच होता. व्होल्टेज मोजणाऱ्या डिव्हायडरचा एक रेझिस्टर वाढीव निघाला, मी मॉसफेट बदलताना तिकडे बघितलंच नव्हतं. तो बदलल्यावर १०.९८ ला विझला, १२.५५ ला परत लागला. बॅटरीचे अर्धे पैसे मी दिले. आता दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक कंट्रोलरवर हे दोन आकडे मार्करने लिहिलेले असतात.