गाडीचा धक्का जिरतो कोठें ?

खडकाळ वाटेनें बैलगाडींतून प्रवास केलेल्या मनुष्यास धक्का म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. चाकाखालीं आलेला दगड जणूं त्याच्या कण्याखालींच येतो. मोटारगाडींत चाक आणि सांगाडा यांच्यामध्यें पोलादी पाट्यांची कमान घालण्यांत आली आणि बसणारा सुखावला; परंतु त्या सुखाबरोबर एक नवी पीडाहि आली. कमान धक्का घेते, पण ठेवून घेत नाहीं. उसनें धान्य परत करावें तशी ती तो परत करिते. एकदां झोका दिलेला झोपाळा जसा कितीतरी वेळ हालत राहतो, तशी गाडी एका खड्ड्यानंतर वरखालीं डोलत राहते. तें डोलणें थांबण्यापूर्वींच दुसरा खड्डा आला, तर चाक जमीन सोडतें. आणि चाक अधांतरीं असतां सुकाणूंहि व्यर्थ आणि ब्रेकहि व्यर्थ!

म्हणून ज्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात त्या यंत्राचें खरें काम धक्का घेणें हें नव्हे, तर कमानीनें घेतलेला धक्का खर्चून टाकणें हें होय. हा खर्च म्हणजे नाश नव्हे. गतीची शक्ति नाहींशी होत नाहीं. तिची उष्णता होते. आतां, आडरानांत जाणारी गाडी जो कारागीर आपल्या शेडमध्यें स्वतः बांधतो, त्यानें हें यंत्रहि घरींच करावें काय ? यंत्राच्या पोटांत काय घडतें तें पाहिल्यावांचून या प्रश्नाचें उत्तर देणें धोक्याचें आहे.

सर्वांत सोपी कृति घर्षणाची. फ्रान्समधील त्रुफो याच्या कल्पनेवरून आणि अमेरिकेंतील हार्टफर्ड याच्या खटपटीनें ती विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रचारांत आली. दोन लोखंडी भुजा कात्रीसारख्या जोडावयाच्या, सांध्यांत लाकडाच्या किंवा चामड्याच्या चकत्या घालावयाच्या, आणि मधला बोल्ट आवळावयाचा. मग एक भुजा सांगाड्यास व दुसरी आंसास बांधली कीं काम झालें. खेड्यांतील लोहारहि हें करूं शकेल. परंतु घासणारी चकती मंद आणि वेगवान् हालचालींत भेद करीत नाहीं. लहान खड्यास ती अडून बसते, आणि मोठ्या खड्ड्यास अपुरी पडते.

हा भेद तेल जाणतें. रंगपंचमीची पिचकारी ज्यानें हातीं धरली आहे त्याला तें ठाऊक आहे : दट्ट्या हळू लोटला तर तो मुकाट्यानें जातो, जोरानें लोटला तर तितक्याच हट्टानें अडतो. याच तत्त्वावर फ्रान्समधील मोरिस उदाई यानें १९०८ सालीं तेलाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. आजच्या सरळ नळीच्या यंत्रांतहि तेंच तत्त्व आहे : नळींत तेल, तेलांत दट्ट्या, आणि दट्ट्यास भोकें.

घरगुती कारागीर येथूनच आरंभ करितो, आणि त्याची पहिली चूकहि येथेंच होते. तो नळी तेलानें कांठोकांठ भरून बंद करितो, आणि पाहतो तों दांडा आंत जाईनासा होतो. कारण उघड आहे. सोळा मिलिमीटर व्यासाचा दांडा वीस सेंटिमीटर आंत गेला, तर तो सुमारें चाळीस घनसेंटिमीटर जागा व्यापितो. आणि तेल तर दबत नाहीं. तेव्हां तो नळींत थोडी हवा ठेवितो. आतां दांडा चालतो. पण खडबडीत वाटेवर तेल व हवा घुसळून फेंस होतो, फेंस भोकांतून विनाविरोध निसटतो, आणि गाडी पुन्हा झोपाळा बनते. या अडचणीवर क्रिस्तियां दे कार्बों या फ्रेंच संशोधकानें १९५३ सालीं उपाय काढला. त्यानें नळीच्या टोकाशीं एक मोकळा दट्ट्या घालून तेल एका बाजूस आणि दाबलेला वायु दुसऱ्या बाजूस ठेविला. दोघांची गांठच पडेनाशी झाली, आणि फेंस बंद झाला.

दुसरी चूक भोकांची. साध्या भोकांतून तेल दुप्पट वेगानें दवडावयाचें तर सुमारें चौपट जोर लागतो. म्हणजे मंद डोलण्यास पुरेशीं होतील अशीं भोकें पाडलीं, तर खऱ्या धक्क्याला ती नळी लोखंडाच्या पहारीसारखी ताठ होते. म्हणून भोकांवर स्प्रिंगच्या पोलादाच्या पातळ चकत्या बसवितात. दाब वाढला कीं त्या वांकतात आणि वाट मोठी करितात. चाक वर जातांना एका बाजूच्या चकत्या उघडतात, खालीं येतांना दुसऱ्या बाजूच्या. एखादी चकती काढून वा घालून गाडीचा स्वभाव बदलतां येतो, आणि घरच्या कारागिराचें खरें कौशल्य येथेंच दिसतें.

तिसरी गोष्ट उष्णतेची. सहाशें किलोग्रॅमची गाडी तीस सेंटिमीटर उंचीवरून खालीं आली, तर सुमारें १,७६० ज्यूल शक्ति खर्चावी लागते; टायरांचा वाटा वजा न केल्यास प्रत्येक चाकामागें ४४०. असें दर दोन सेकंदांनीं घडलें, तर प्रत्येक नळींत शंभर वॅटचे दोन दिवे अखंड जळत असल्यासारखें होतें. आंतील पाव लिटर तेलाला ती उष्णता बाहेर टाकतां आली नाहीं, तर तें मिनिटाला सुमारें तीस अंशांनीं तापेल. तापलेलें तेल पातळ होतें, रबरी सील कडक होऊन गळूं लागते, आणि तासाभरापूर्वीं उत्तम चालणारी गाडी अकस्मात् हाताबाहेर जाते. १९६७ च्या ऑक्टोबरअखेर मेक्सिकोंत तिहुआना ते ला पाझ अशी बाहा द्वीपकल्पाची शर्यत सुरू झाली. फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर बांधलेल्या मायर्स मँक्स गाडींतून व्हिक विल्सन व टेड मँगेल्स यांनीं ती सुमारें साडेसत्तावीस तासांत जिंकली. अशा वाळवंटी गाड्या बांधणाऱ्यांनीं पुढें एका चाकास दोन दोन शॉक ॲब्सॉर्बर लाविले, तें शोभेसाठीं नव्हे. एकाचें ओझें दोघांनीं वांटून घेतलें म्हणजे प्रत्येक जण कमी तापतो.

मग घरीं काय करावें, आणि काय करूं नये ? दट्ट्या लेथवर कातणें, त्यास भोकें पाडणें, चकत्यांची जुळणी करणें, गाडीवरील कान बसविणें, हें सर्व अवश्य घरीं करावें. परंतु क्रोमचा मुलामा दिलेला दांडा, आंतून घोटलेली नळी आणि तेलाचे सील हीं तयारच घ्यावीं. दांड्यावरील नखाएवढा ओरखडाहि सील फाडतो. नळी हाच शेवटचा अडसर होऊं देऊं नये. वर रबरी ठोकळा आणि खालीं मजबूत पट्टा यांनीं चाकास आधीं अडवावें.

आणि वायु भरण्याचें काम मात्र जाणत्याच्याच हातीं द्यावें. आंतील दाब दर चौरस सेंटिमीटरला चौदा किलो असला, तर पन्नास मिलिमीटर व्यासाच्या झांकणावर सुमारें पावणेतीनशें किलोंचा रेटा असतो. आटे कच्चे असले, तर तें झांकण तोफेच्या गोळ्याप्रमाणें सुटतें. शिवाय भरावयाचा तो नत्रवायुच. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानांत प्राणवायूची टांकी सहज मिळते, आणि मोहहि होतो; परंतु दाबलेला प्राणवायु आणि तेल यांची भेट म्हणजे स्फोटास निमंत्रण होय.

भारतांत २००७ सालापासून अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या अशा गाड्या घेऊन बाहा स्पर्धेंत उतरूं लागले. तेथें गाडीला चार तासांची सहनशक्तीची कसोटी द्यावी लागते. पहिल्या फेरींत बहुतेक गाड्या चांगल्याच दिसतात. धक्क्याची उष्णता कोठें जाईल याचा विचार ज्यानें आधीं केला, त्याची गाडी चवथ्या तासालाहि जमीन धरून असते.