धोरण गळी उतरवताना

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी पुण्यात भरलेल्या या परिषदेपासून लांब नाही. तिथे तिन्ही दलांचे कॅडेट एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच मैदानावर घाम गाळतात. तेच पुढे वरिष्ठ झाले की तिन्ही दलांच्या संयुक्त कमांडवर, म्हणजे थिएटर कमांडवर, एकमत व्हायला दशकं लागतात. यात दोष फक्त वर्दीवाल्यांचा आहे, असं मात्र नाही.

कागदाची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती. कारगिल युद्धानंतर १९९९ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली गेली. २००१ मध्ये मंत्रिगटाने तिन्ही दलांसाठी एक संरक्षण दलप्रमुख नेमण्याची शिफारस केली. त्याच वर्षी एकात्मिक मुख्यालय उभं राहिलं. प्रमुखाचा मात्र पत्ता नव्हता. नरेश चंद्र समिती आली, शेकटकर समिती आली. जनरल बिपिन रावत त्या खुर्चीत बसले ते १ जानेवारी २०२० रोजी.

खुर्ची मिळाली, मनं वळायची राहिली. जुलै २०२१ मध्ये रावतांनी हवाई दलाला सहायक दल म्हणत तोफखाना आणि इंजिनिअर्सच्या पंक्तीला बसवलं. हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी त्याच दिवशी जाहीरपणे असहमती नोंदवली. हा निव्वळ मानापमानाचा प्रयोग नव्हता. हवाई दलाच्या मंजूर लढाऊ स्क्वाड्रन ४२, प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी. त्या वेगवेगळ्या थिएटर कमांडांना वाटून दिल्या, तर ऐनवेळी हलवायच्या कशा? या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं. मिळालं ते विशेषण.

अमेरिकेत १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी वेगळी वाट धरली होती. स्टालिन नुकताच मेला होता आणि सोव्हिएत संघाशी कसं वागायचं यावर त्यांच्याच सरकारात फाटाफूट होती. त्यांनी तीन गट नेमले आणि प्रत्येकाला एकच भूमिका शक्य तितक्या ताकदीने मांडायला सांगितलं. व्हाइट हाउसमधल्या ज्या उन्हाच्या खोलीत ही कल्पना निघाली, तिच्यावरून उपक्रमाचं नाव पडलं ‘सोलेरियम’. सोव्हिएत सत्तेला आहे तिथेच रोखण्याची बाजू मुत्सद्दी जॉर्ज केनन यांच्याकडे होती. याच केननना परराष्ट्रमंत्री डलेस यांनी काही महिन्यांपूर्वी खात्यात जागा दिली नव्हती, आणि निवडणुकीत याच धोरणावर त्यांनी टीकेची झोड उठवली होती. १६ जुलैला केनन बोलायला उभे राहिले तेव्हा डलेस समोरच बसून ऐकत होते. मंत्री, सेनाधिकारी, सल्लागार, सगळ्यांनी तिन्ही बाजू ऐकल्या. मग आयझेनहॉवर यांनी स्वतः समारोप केला. ऑक्टोबरअखेर नवं धोरण मंजूर झालं, आणि त्याचा कणा केनन यांच्या बाजूच्या जवळचा होता.

इथेच थांबलं तर ती परीकथा होईल. त्या धोरणात अण्वस्त्रांवर भर होता, पायदळाला कात्री होती. लष्करप्रमुख रिजवे शेवटपर्यंत विरोधात राहिले आणि १९५५ मध्ये निवृत्त झाले. ज्याचं बजेट कापलं जातं, त्याला उत्तम मांडणीही पुरत नाही, हे या परिषदेने विसरू नये.

सगळ्यांना एकत्र बसवण्याचं आपल्याकडचं उदाहरण घरचंच आहे. १९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तेव्हा मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यातला विश्वास पार आटला होता. त्यांनी सकाळच्या बैठकांत दलप्रमुख आणि सचिवांना एकत्र बसवायला सुरुवात केली. चीनविरुद्ध लढाऊ विमानं जमिनीवरच राहिली होती. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल वापरायचा निर्णय त्याच दिवशी झाला आणि संध्याकाळी विमानं उडाली. त्या बैठकांशिवाय हे इतक्या झटपट जमलं असतं का, याची शंकाच आहे.

म्हणून परिषदेच्या स्वागत समितीने कार्यक्रमाचा क्रम उलटा लावला आहे. थिएटर कमांडचे समर्थक दुपारी बोलतील. सकाळचं सत्र विरोधकांचं. प्रत्येक वक्त्याने आधी समोरच्याची बाजू त्याला मान्य होईल अशी मांडायची आहे. कुणाचं बजेट कापायचं, हा विषय उद्यासाठी राखून ठेवला आहे. जेवण मागच्या हॉलमध्ये आहे. वाद तिथेही चालू राहिला तर समितीची हरकत नाही.