दोन बोटे उंची

गाडी उंच असली म्हणजे रस्त्याचे भय उरत नाही, अशी एक समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नाही; परंतु तिच्यात जेवढे सत्य आहे तेवढ्यावर भागवून घेण्यास माणसाचे मन सहसा तयार नसते. नवी गाडी दारात येते न येते तोच तिला मोठे टायर चढवावेत आणि उंच स्प्रिंगा घालून ती दोन बोटे वर उचलावी, अशी इच्छा मालकाच्या मनात उत्पन्न होते. लडाखचे दगडगोटे, राजस्थानची वाळू, सह्याद्रीतील पावसाळ्याचा चिखल ही सारी चित्रे त्याच्या डोळ्यांपुढे असतात. ही हौस हसण्यावारी नेण्यासारखी नव्हे. पण यंत्राच्या राज्यात प्रत्येक लाभाचे मोल कोठे तरी चुकते करावे लागते. ते कोठे आणि किती, हे आधी समजून घेण्यातच शहाणपण आहे.

उदाहरणादाखल जिम्नी ही गाडी घ्यावी. 1970 साली जपानात जन्मलेल्या या गाडीचे पाच दारांचे रूप जून 2023 मध्ये भारतात विक्रीस आले. शिडीच्या आकाराची पोलादी चौकट, पुढे आणि मागे अखंड आस, त्यांवर कॉइल स्प्रिंगा आणि गरजेनुसार चारही चाकांना शक्ती पोचवण्याची सोय, अशी तिची रचना जुन्या जीपच्या कुळातली आहे. तिचे मूळ टायर 195/80 आर 15 या मापाचे आहेत. या आकड्यांत गूढ काही नाही. टायरची रुंदी 195 मिलिमीटर, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 156 मिलिमीटर, आणि मधल्या रिमचा व्यास 15 इंच. गणित केले की चाकाचा एकूण व्यास 693 मिलिमीटर भरतो.

त्याऐवजी 215/75 मापाचा टायर घातला, तर व्यास सुमारे 703 मिलिमीटर होतो. वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग आसाखाली येतो. म्हणून आस अवघा पाच मिलिमीटर वर जातो. 235/75 मापाचा टायर घातल्यास व्यास सुमारे 733 मिलिमीटरांवर पोचतो आणि आस वीस मिलिमीटर वर येतो. डोळ्यांना टायर केवढा तरी मोठा दिसतो, पण पदरात पडलेली उंची एवढीच!

येथे आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अखंड आसाच्या गाडीत जमिनीला सर्वांत जवळ असते ते आसाच्या मधले डिफरन्शियलचे पोटाळ कवच. स्प्रिंगा उंच केल्या की वरची चौकट आणि सांगाडा वर जातो. आस मात्र चाकांबरोबर जेथल्या तेथेच राहतो. वाटेतल्या धोंड्यावर आदळणारे ते कवच वर उचलण्याचे सामर्थ्य केवळ मोठ्या टायरमध्ये आहे. मग स्प्रिंगांची उंची व्यर्थ म्हणावी काय? तसेही नाही. चढावाला भिडताना पुढचा बंपर अडत नाही, उंचवटा ओलांडताना गाडीचे पोट घासत नाही आणि एक चाक खड्ड्यात गेले असता मोठ्या टायरला मडगार्डखाली वावरण्यास जागा मिळते. तीस-चाळीस मिलिमीटरांच्या माफक उचलीचे खरे प्रयोजन हे आहे.

आता मोलाचा हिशेब पाहू. 733 मिलिमीटरांचे चाक एका फेऱ्यात मूळ चाकापेक्षा सुमारे सहा टक्के अधिक अंतर कापते. काटा मूळ चाकाशी तंतोतंत जुळलेला असला, तर तो 80 दाखवीत असता गाडी 85 च्या घरात धावत असते. जणू प्रत्येक गिअर थोडा लांबला. त्यामुळे घाट चढताना इंजिनाची ओढ कमी पडते. तेवढाच ब्रेक दाबला तरी मोठ्या व्यासाच्या चाकाला थोपवणारी शक्ती त्याच प्रमाणात घटते, आणि जड टायरचे फिरते वजन तिच्यावर आणखी भार घालते.

उंचीचे परिणाम याहून सूक्ष्म आहेत. पुढच्या आसाला धरणारे दांडे कलले की त्याचा मूळ कोन बदलतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ मंदावते आणि वेगात गाडी भरकटू लागते. आसाला आडवा आधार देणारा दांडा गाडीला किंचित एका बाजूस सारतो. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात, जुने शॉक ॲब्सॉर्बर अपुरे पडतात, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. यांवर उपाय आहेत. परंतु नुसत्या स्प्रिंगा विकणारा दुकानदार ते सांगेलच असे नाही. सर्वांत गंभीर गोष्ट गुरुत्वमध्याची. दोन चाकांतील अंतर 140 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य 70 सेंटिमीटर उंच मानला, तर तो केवळ पाच सेंटिमीटर वर गेल्याने वळणावर उलटण्याला होणारा विरोध सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. घाटात अचानक समोर गुरे आली आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवावे लागले, की जाणवते. आणि त्या वेळी गाडीत मालक एकटाच असतो असे नाही.

कायद्याचाही विचार अटळ आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या तपशिलांशी विसंगत असा फेरबदल करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात हेच तत्त्व अधोरेखित केले. न कळवलेल्या फेरबदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो, तो भाग वेगळाच.

म्हणून विवेकी मालकाचा क्रम निराळा असतो. मूळ मापातच खडबडीत नक्षीचे, योग्य भारक्षमतेचे टायर तो आधी घेतो. वाळूत हवा कमी करावी आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी, हे तो शिकतो. माप बदलायचेच झाले, तर आधी परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे विचारणा करतो, आणि पाचही टायर एकाच मापाचे घेतो. कारण पुढचे आणि मागचे आस एकत्र जोडून चालताना असमान चाके गिअरांच्या जीवावर उठतात.

गाडी दोन बोटे वर गेली की मालकाला स्वर्गही दोनच बोटे उरल्यासारखा वाटतो. पण अवघड वाट पार होते ती चाक कोठे ठेवावे हे ओळखणाऱ्या डोळ्यामुळे आणि कोठून मागे फिरावे हे जाणणाऱ्या मनामुळे. ही दोन्ही साधने कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. आणि ती कमावण्यास नोंदणी-पुस्तकातला एकही शब्द बदलावा लागत नाही.